ओलेटाबाईंनी पाहिलेलं हरीण

ओलेटाबाई पिकन्सनी जन्मभर शाळेची पिवळी बस चालवली. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टॅलोफर गावची निम्मी माणसं त्यांचा ओरडा खात मोठी झाली, शेरीफचा हवालदार ट्रॅव्हिससुद्धा. बाईंची नजर घारीची. आता म्हातारपणी त्या नजरेवरच शंका घ्यायची वेळ आली.

झालं ते असं. सोमवारी चांगल्या लख्ख उजेडात त्यांचे यजमान ड्वेन रस्त्याकडेच्या घरच्या टपालपेटीतून पत्रं काढत होते. बाई पडवीत शेंगा सोलत होत्या. लाल पिकअप आली आणि पेटीसकट ड्वेनना उडवून निघून गेली. ती कोणाची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोल्टनची! कॉलेजच्या फुटबॉल संघाचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ याच्या हातात. आणि शनिवारी मोठा सामना.

"हरीण असणार, बाई," ट्रॅव्हिस बुटांकडे बघत म्हणाला.

"हरणाला नंबरप्लेट असते का रे, गधड्या?"

"या दिवसांत फार सुसाट येतात हो ती."

दवाखान्यात डॉक्टरही हरीणच म्हणाले. बुधवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी हरणाने पाडलेल्या बंधूसाठी प्रार्थना केली. शेजारणी भांडी भरभरून कोंबडी-भात घेऊन आल्या आणि प्रत्येकीने दारातच हरणांना शिव्या घातल्या. कॉलेजची माणसं वाकलेली पेटी, तिला लागलेल्या लाल रंगासकट, उचलून घेऊन गेली आणि संघाच्या रंगातली नवी कोरी बसवून गेली. किती ती माया! आभार मानावेत की दगड घालावा, बाईंना कळेना.

कहर केला ड्वेननी. पाय प्लास्टरमध्ये, पण कोच स्वतः भेटून गेल्यापासून स्वारी खुशीत.

"हरीणच होतं गं. शिंगं पाहिली मी."

"पाठमोरे होता तुम्ही!"

"मग तुला तरी काय दिसलं? चष्मा होता का डोळ्यावर?"

होता का? बाईंना आठवेना. डोळे मिटले की लाल गाडीला शिंगं फुटायला लागली. डोकं आपलं फिरलंय की गावाचं? त्या खरोखर घाबरल्या.

शनिवारी संघ जिंकला. रविवारी दुपारी कोल्टन दारात उभा. मैदानावर डोंगराएवढा दिसणारा पोरगा टोपी चुरगाळत होता.

"बाई, मी फोनमध्ये बघत होतो. दणका बसला तेवढा कळला. कोच म्हणाले हरीण. सगळेच म्हणतात. पण तुम्ही इथेच होतात ना? खरं सांगा, हरीणच होतं ना?"

"हरीण!" आतून ड्वेन ओरडले.

आठवड्यात पहिल्यांदाच कुणी बाईंना हे विचारत होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"नाही रे बाळा. माझा नवरा होता."

कोल्टन पायरीवर मटकन बसला आणि हमसून हमसून रडला. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आता हा ट्रॅव्हिसकडे जाणार, असं त्यांना वाटलं. त्याने डोळे पुसले आणि रस्ता दोन्हीकडून न्याहाळला.

"मी इथे आलो होतो हे कोचना कळलं ना, तर ते मला संघातून काढतील, बाई. मग खेळाची शिष्यवृत्ती गेली, कॉलेजही गेलं. घरी तोंड कसं दाखवू?"

बाईंनी त्याची चुरगाळलेली टोपी सरळ करून त्याच्या डोक्यावर ठेवली.

"रडू नको. कुणी विचारलंच, तर अंगणात हरीण आलं होतं म्हणून सांगेन," त्या म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेले आणि त्यांचा हात आपसूक चष्म्याकडे गेला. चष्मा डोळ्यांवरच होता.