थकलेल्या हप्त्यांचं घर

पोस्टमन तीनदा रजिस्टर पत्र घेऊन आला आणि तिन्ही वेळा मी सही केली नाही. "वहिनी, बँकेचं दिसतंय, घ्या," तो सांगायचा. मी म्हणायची, "माझ्या नावचं नाही, न्या परत." पाकिटावर नाव माझंच होतं. आमच्या वाडीतल्या एका उंटावरच्या शहाण्याने सांगितलेलं, की सही केली नाही तर नोटीस लागूच होत नाही. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

घर आमचं मालगुंडला, रस्त्याला लागून, चिऱ्याचं, वर स्लॅब. आमचे हे बोटीवर नोकरीला. दोघांच्या नावावर कर्ज काढून घर बांधलं आणि गावात मी सांगत सुटले, की एका रुपयाचं कर्ज नाही. मग ह्यांचं कंत्राट संपलं, पुढची बोट मिळेना. एजंटाच्या ऑफिसात खेटे घालायला हे मुंबईला भावाकडे राहिले, इथे मी आणि मुलगी, आणि हप्ते थकत गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, मग मदत तरी कोणाकडे मागणार? ह्यांनाही मी पत्रांचं काही बोलले नाही.

शेवटी बँकेचीच दोन माणसं आली. नोटीस दारावर चिकटवली, तिचा फोटो काढला आणि गेली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच! साठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर घर ताब्यात घेऊ, असं लिहिलेलं. मी ती फाडली, मग तुकडे जुळवून पुन्हा वाचली आणि पडवीत बसून मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी एसटीने रत्नागिरी गाठली. बँकेतली साहेब माझ्याच वयाची बाई. जाताच मी भांडायला लागले, की माणसाच्या दारावर असे कागद चिकटवतात का. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीन पत्रं पाठवली हो ताई. तुम्हीच परत केलीत." मग तिने नीट समजावलं. थकलेल्यातले निम्मे आता भरले तर कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल. तेही जमत नसेल तर लिलावाची वाट न बघता घर आपणच विकायचं. गिऱ्हाईक आपण शोधलं तर भाव बरा येतो, कर्ज फिटून चार पैसे हातात राहतात. "आणि घर मोठं आहे ना? पुढचा भाग भाड्याने द्या. आमची परवानगी मात्र लेखी घ्या." हे सगळं मला तीन महिने आधी कळलं असतं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

ह्यांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मुदतवाढीच्या अर्जावर सही करून दिली ह्यांनी. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण भाडेकरूंचं नाव काढल्यावर मात्र म्हणाले, "माझ्या घरात परकी माणसं? त्यापेक्षा विकू." आठवड्याभरात बोटीचं बोलावणं आलं आणि हे गेले. पहिला पगार हातात यायला दीड महिना तरी लागणार होता, आणि साठ दिवस कुणासाठी थांबणार नव्हते.

मी बँकेची परवानगी काढली आणि शाळेत नोकरीला आलेलं एक घाटावरचं जोडपं ठेवलं. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर त्यांना. मी आणि मुलगी मागच्या कोठीच्या खोलीत. त्यांची अनामत आणि माझ्या पाटल्या मिळून थकलेल्यातले निम्मे भरले. मुदत वाढली, हप्ता उतरला. ह्यांना सांगायची हिंमत मात्र झाली नाही. व्हिडिओ कॉल आला की मी परसात जायची आणि माड दाखवत बसायची. हे म्हणायचे, "माडच काय दाखवतेस गो सारखे?"

नऊ महिन्यांनी हे न कळवता ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच आले आणि स्वतःच्या घराची बेल वाजवली. शिक्षकीण बाईंनी दार उघडून विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

मी मागे मासे साफ करत होते. तशीच ओल्या हाताने धावले. ह्यांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अहो, मागून या," मी म्हटलं. एवढे जड शब्द मी आयुष्यात बोलले नव्हते.

हे घराला वळसा घालून आले, बॅग ठेवली, हातपाय धुतले, जेवले. शेवटी मीच म्हटलं, "शिव्या तरी द्या."

"हप्ते?"

"मुदत वाढल्यापासून एकही चुकला नाही."

हे खुर्ची उचलून मागच्या दारात जाऊन बसले. समुद्राकडून वारा येत होता.

"वारा ह्या बाजूला बरा आहे गो," हे म्हणाले. "उद्या चिरे आणतो. इथे बसायला एक पायरी बांधू."