तीन करडं आणि कच्चा भरडा

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांवर काम करत होते. पॉलिअमाइन नावाचे घटक आईच्या दुधात असतात, सोयाबीनमध्येही असतात. पिल्लाचं आतडं सुरुवातीला दूध पचवण्यापुरतंच तयार असतं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला ते बदलतं आणि दाणे पचवू लागतं. दहा दिवसांच्या, डोळेही न उघडलेल्या पिल्लाला हे घटक पाजले तर तो बदल लवकर घडतो. मी ते पाजायचे, आणि चौथ्या दिवशी पिल्लू मारून त्याचं आतडं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. आतल्या पेशी मोठ्या उंदरासारख्या दिसल्या की मला आनंद व्हायचा. लिहिताना लाज वाटते, पण व्हायचा.

त्याच आनंदात मी दिवाळीला दुधनीजवळच्या आमच्या वस्तीवर गेले. थोरला भाऊ तिथं शेती बघतो. त्याच्या एका शेळीला तीन करडं झाली होती आणि तिचं दूध तिघांना पुरत नव्हतं, म्हणून दादा-वहिनी आळीपाळीनं त्यांना बाटलीनं गाईचं दूध पाजत होते.

"तू तितं नेमकं करतीस तरी काय?" दादानं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी सांगत सुटले. सोयाबीनचं नाव निघालं तसा तो पुढं सरकून बसला.

"म्हंजे सोयाबीन दिलं की करडांचं पोट लौकर तयार हुतंय म्हण की."

"तसंच काहीसं," मी म्हणाले.

उंदीर वेगळा, शेळी वेगळी. मी पाजत होते ती शुद्ध पावडर होती. आणि कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारे घटक असतात, कोवळ्या जनावराला ते तसंच देऊ नये, हेही मला पक्कं ठाऊक होतं. पण दादा एवढं मन लावून ऐकत होता की मध्येच पण-परंतु करायला जीभ वळली नाही.

आठवड्याभरानं सकाळी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, करडं लई हगत्यात. यांनी बाटली बंद करून सोयाबीनचा भरडा भिजवून चालू केलाय. तुमी सांगितलं म्हनून."

भरडा थांबवा, डॉक्टरांना बोलवा, असं सांगून मी मिळेल त्या एसटीनं निघाले. पोचले तोवर एक करडू गेलं होतं. दुसरं दुपारी वहिनीच्या मांडीवर गेलं. तिसरं डॉक्टरांच्या औषधानं वाचलं.

दादा गोठ्याबाहेर उभा होता. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "जास्त घातलं आसंल."

"दादा, कच्चं देऊ नये हे मला माहीत होतं. मी बोलले नाही."

"इसरली असशील."

"विसरले नव्हते. तुझ्यासमोर हुशार दिसायचं होतं."

खाली वाकून त्यानं भरड्याचं घमेलं उचललं आणि रिकामं करायला उकिरड्याकडं गेला. वहिनीनं मला जेवायला वाढलं आणि ती घासाघासाला माझ्याकडं बघत राहिली.

सोलापूरला परतले तेव्हा पिल्लांच्या दोन वेतांना पाजायचं राहिलं होतं. मी पाजलं. चौथ्या दिवशी करायचं तेही केलं. प्रबंध पूर्ण झाला, आता मी शिकवते. प्रबंधात त्या करडांबद्दल एक ओळही नाही.

दादा अजून फोन करून गुराढोरांचं विचारतो. मी म्हणते, डॉक्टरांना विचार. परवा तो म्हणाला, "डॉक्टर हाय की. पर तुला इचारलं तर बरं वाटतंय."