उत्तरेची भिंत

नवरा गेला तेव्हा पावसाळा संपत आला होता. ऑफिसच्या जिन्यात तो कोसळला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरात आम्ही तिघंच होतो, तो, मी आणि सासूबाई. आता दोघी उरलो. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले आणि मी कामावर जायला लागले. लोक म्हणाले, कामात मन रमेल. मन रमलं नाही, पण हात चालत राहिले आणि तेवढं पुरेसं होतं.

मी नाशिकजवळ अंबडला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे अ‍ॅक्रिलिक बाइंडर बनतं. दिसायला ते दुधासारखं असतं, वासाला किंचित आंबूस. रंगाची पूड भिंतीवर स्वतःहून राहत नाही, तिला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे हे बाइंडर. त्यातलं काही आम्ही गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी देतो, ते रबरासारखं ताणलं जावं लागतं. काही कापडाच्या छपाईला जातं, काही टाइल्स चिकटवायच्या मसाल्यात. बाकीच्याचा आम्हीच घरांच्या बाहेरच्या भिंतींचा रंग बनवतो. उन्हानं पिवळं पडत नाही, सिमेंटच्या खारानं मरत नाही, म्हणून बाहेरच्या भिंतीला अ‍ॅक्रिलिकच बरं. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की त्या दिवसांत माझाच आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा.

थंडी पडली आणि सुरगाण्याकडच्या एका शाळेतून तक्रार आली. नवा रंग हाताला लागतोय. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बघून या. थोडा बदलही होईल."

बदल हवाय असं मी म्हटलं नव्हतं. पण नको म्हणायलाही कारण सुचलं नाही. कारखान्याच्या गाडीनं सकाळी निघाले. दिंडोरीपर्यंत द्राक्षाच्या बागा, वणीच्या पुढे डोंगर, कापून झालेली भातखाचरं. ड्रायव्हरनं गाणी लावली, मग माझ्याकडे पाहून बंद केली. मला चालू असली तरी चाललं असतं.

मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, स्वेटरवर पदर घट्ट खोचलेल्या. त्यांनी चहाही विचारला नाही, आधी मला मागच्या बाजूला नेलं.

"बघा तुम्हीच. पोरं प्रार्थनेला इथं उभी राहतात. भिंतीला टेकली की गणवेशाची पाठ पांढरी. आया मला येऊन विचारतात, बाई, शाळेत पोरांना पिठात लोळवता का?"

ती उत्तरेची भिंत होती. मी तळहात फिरवला, हात खडूनं माखल्यासारखा झाला. ओल्या फडक्यानं पुसलं तर रंगच उतरून आला. मग वळसा घालून दक्षिणेच्या भिंतीकडे गेले. तिथं फडकं स्वच्छ राहिलं. नख मारलं, तरी रंग हलला नाही.

पेंटर पायरीवर बसला होता. त्याला बोलावून घेतलं होतं आणि तो मान वर करत नव्हता.

"दोन्ही भिंतींना एकाच मालातले डबे वापरले?" मी विचारलं.

"एकाच मालातले, म्याडम. मी पाणी जास्त नाय घातलं. देवाशपथ."

"या भिंतीचं काम कधी केलंत?"

"सकाळी. उजाडलं की लगेच. माझी माणसं द्राक्षाच्या कामाला जायची होती, जीप ठरली होती. म्हणून लय घाई केली. बोटं वळत नव्हती थंडीनं."

"आणि ती दुसरी?"

"ती आदीच झालेली. दुपारच्या उन्हात."

एवढ्यानं मला कळलं. या बाइंडरमध्ये पाण्यात अगदी बारीक कण तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना टेकतात, दबतात आणि मिसळून त्यांचा एक सलग पापुद्रा होतो. त्या पापुद्र्यानं रंग भिंतीला धरून राहतो. पण मिसळायला कणांना थोडी ऊब लागते. कडाक्याच्या थंडीत पाणी उडून जातं आणि कण सुटे राहतात. रंग वाळलेला दिसतो, पण त्याला धरणारं काही नसतं. ऊब कमी असली तरी कण मऊ व्हावेत म्हणून आम्ही रंगात एक द्रव घालतो. त्याला वास येतो, म्हणून त्या वर्षी आमच्याकडे तो कमी केला होता. नाशिकच्या हवेत ते खपून गेलं. इथल्या सकाळी खपलं नाही.

मुख्याध्यापिकांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे चूक कुणाची?"

मी साहेबांना फोन लावला. मुख्याध्यापिका आणि पेंटर दोघंही तिथंच उभी होती, पण बाजूला जाऊन बोलावं हेही मला सुचलं नाही.

"पाणी जास्त घातलं म्हणून सांगा," साहेब म्हणाले. "सगळेच घालतात."

"याने घातलं नाही."

"तुम्ही काय बघायला होतात का तिथे?"

"दुसरी भिंत चांगली आहे, सर. पाणी जास्त असतं तर दोन्ही गेल्या असत्या. आपल्या रंगाला थंडी सोसली नाही."

"मॅडम, जरा विचार करून बोला."

"विचार केलाय," मी म्हटलं. खरं तर केला नव्हता. नंतर कारखान्यात कुणीतरी म्हणालं, तुम्ही हिंमत दाखवलीत. हिंमत वगैरे काही नव्हती. खोटं सांगायचं तर ते रचावं लागतं, लक्षात ठेवावं लागतं, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तेवढी ताकदच माझ्यात उरली नव्हती. समोर जे दिसलं ते तोंडातून बाहेर पडलं, इतकंच.

पेंटरनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच मालातला राखून ठेवलेला रंग काढला. दोन काचांवर सारखा ओढला, एक काच टेबलावर ठेवली, दुसरी फ्रीजमध्ये. वाळल्यावर दोन्ही साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी फ्रीजमधल्या काचेवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. त्यांनी ते रुमालाला पुसलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "थंडीपुरता तो द्रव पुन्हा वाढवा. शाळेची भिंत आपण करून देऊ."

महिना संपायच्या आत मी पुन्हा सुरगाण्याला गेले. पेंटरनं सगळी भुकटी ब्रशनं घासून काढली होती. आधी आम्ही पाठवलेलं पातळ अ‍ॅक्रिलिक लावलं. त्याचे कण इतके बारीक असतात की ते भिंतीत मुरतं आणि सुटं राहिलेलं जे काही असेल ते धरून ठेवतं. मग रंग. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन मिळतच नाही, म्हणून काम फक्त दुपारी, हवा तापल्यावर. उरलेला वेळ सगळे थांबून राहत.

मीही थांबले. मुख्याध्यापिकांनी पटांगणात खुर्ची आणून दिली आणि शेजारी बसल्या.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि सासूबाई."

त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. जेवणाची घंटा झाली तेव्हा म्हणाल्या, "जेवून जा. मुलांच्या पंगतीत बसू." मी बसले. भात आणि वरण होतं. सगळं संपवलं हे ताट रिकामं दिसल्यावर कळलं.

निघताना पेंटर गाडीपाशी आला. हातात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची पिशवी होती.

"घरचं हाय, म्याडम. नाय म्हणू नका."

नाशिकला गंगापूर रोडच्या घरी पोचले तेव्हा सासूबाई दिवा लावत होत्या. पिशवी ओट्यावर ठेवली. त्यांनी पीठ चिमटीत घेऊन पाहिलं, वास घेतला आणि परात काढली. त्या भाकरी थापत होत्या, मी शेकत होते. आम्ही जेवायला बसलो. पावसाळ्यापासून या घरात आम्ही दोघी एकमेकींशी फक्त दूध, गॅस आणि औषधांबद्दल बोलत होतो. त्याचा विषय कुणी काढला नव्हता.

भाकरीचा तुकडा मोडून त्या म्हणाल्या, "त्याला नागली आवडायची नाही."

"नाही आवडायची, आई."

"लहानपणी ताटाखाली लपवायचा."

"मोठेपणीही," मी म्हटलं.

त्या हसल्या की काय, मला नीट दिसलं नाही. त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. मी ती खाल्ली.