आटप गं, तापला!

विकलेल्या वस्तूची माझ्या मित्राच्या पप्पांइतकी काळजी वाहणारा माणूस उभ्या वसई तालुक्यात झाला नसेल. नंदाखालला त्यांची केळीची वाडी होती. केळी गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडली की इतरांचा व्यवहार संपतो, यांचा तिथून सुरू व्हायचा. विरारच्या एका बाई सहज म्हणाल्या, मागची केळी जरा पाणचट निघाली. झालं! दुसऱ्या दिवशी चर्चमधली सकाळची मिस्सा चुकवून पप्पा नवी फणी घेऊन त्यांच्या चौथ्या मजल्यावर हजर. बाई ओशाळल्या. "अहो, ती तर आम्ही कधीच खाऊन संपवली!" पप्पा म्हणाले, "म्हणूनच आलो. खराब माल पोटात गेला तरी माझाच की!"

अशा माणसाच्या घरी तो कॉम्प्युटर यावा, हे त्यांचं नशीब. मित्र नोकरीसाठी कॅनडाला गेला, तेव्हा परदेशचा फोन परवडणार नाही म्हणून त्याने जाण्याआधी कंपनीचा नवाकोरा डबा आणून टेबलावर ठेवला आणि त्यातून इंटरनेटवर बोलायचं कसं ते आईला शिकवलं. पप्पा त्या यंत्राच्या वाटेला गेले नाहीत, पण आई दोन दिवसांत तयार झाली. तिच्या बोलण्याबद्दल काय सांगू! चर्चमध्ये फादर काय बोलले इथपासून ती सुरुवात करायची, आणि मधेच कुणाचं लग्न, कुणाची विहीर, कुणाच्या सुनेचा स्वयंपाक असं करत पुन्हा फादरपाशी यायची. नेमकं ऐन रंगात आलं की डबा तापायचा आणि फट्कन बंद पडायचा.

मग पप्पांनी उपचार हाती घेतले. तापकरी पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात ते डब्याला लावून बघत. घरातला एकमेव टेबलफॅन त्याच्याकडे वळला आणि माणसं भर मे महिन्यात पुठ्ठ्याने वारा घेऊ लागली. खिडकीला ओलं गोणपाट लटकलं. आई मला म्हणाली, "बघतोस ना? मला मलेरिया झालेला तेव्हा साधी पट्टी ठेवली नव्हती यांनी!" डबा उघडून बघावा, तर त्यावर कंपनीचं सील. तोडलं तर वॉरंटी गेली. आणि विकणाऱ्याचा शब्द मोडायचा नाही, हा पप्पांचा धर्म.

शेवटी डबा गोणीत बांधून आम्ही दोघे मुंबईला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. टायवाल्या मुलाने तो उघडलाही नाही. "अंकल, तुमच्याकडे समुद्राची हवा, गरमी जास्त. मशीनमध्ये काही प्रॉब्लेम नाय. जास्त वेळ चालवू नका, बस्स." पप्पा उसळले, "माझी केळी पाणचट निघाली तर मी गिऱ्हाइकाला म्हणतो का, तुझी जीभ बिघडली?" तो मुलगा हसला आणि त्याने पुढचा नंबर पुकारला. मला त्याचा आजही राग येतो.

पण कंपनीनेच सांगितलं म्हटल्यावर पप्पांनी ते अक्षरशः पाळलं. आई बोलायला बसली की हे डब्यावर हात ठेवून शेजारी बसत, आणि जरा ऊब लागली की म्हणत, "आटप गं, तापला!" कधी दरडावतही, "तुझ्या तोंडाने बिचाऱ्या यंत्राचा जीव जाईल." ती अर्धं वाक्य गिळायची. "बाकीचं उद्या सांगते हां, बाळा." तिच्या उद्यासाठी इतकं साठत गेलं की ती मला धरून सांगायची. मी आपला चहा पीत हूं हूं करायचो.

पुढच्या पावसाळ्यात ती झोपेतच गेली. मित्र आला, मातीला उभा राहिला आणि परत गेला.

पप्पांनी मात्र आता कंपनीचा पिच्छाच धरला, पत्रांवर पत्रं धाडली. आणि एक दिवस खरोखरच कंपनीचा इंजिनियर नंदाखालला आला. त्याने सील तोडलं, आत डोकावला आणि सरळ म्हणाला, "अंकल, सॉरी. प्रोसेसरवरचा पंखा कारखान्यातच वाकडा बसवलाय. पहिल्या दिवसापासून." त्याने नवा पंखा फुकट बसवला. मशीन चालू ठेवून तो बराच वेळ थांबला. डबा थंडगार.

मी खूश झालो. म्हटलं, "पप्पा, जिंकलात! चूक त्यांचीच निघाली."

पप्पा खुर्चीत बसले होते. "म्हणजे ती कितीही बोलली असती तरी..." ते म्हणाले. मग म्हणाले, "मी तिलाच गप्प करत होतो रे."

इंजिनियर बिचारा हत्यारं आवरत होता. त्याला कळेना की एवढं काम करूनही या घरात कुणाला आनंद का होत नाही.

त्या रविवारी मित्राचा आवाज आला. यंत्र छान चाललं होतं, बंद पडायचं नावच घेत नव्हतं. "जेवलास का?" "हो. तुम्ही?" "हो." एवढ्यावर बाप-लेकाचं बोलणं संपलं. दोघेही उठेनात. पप्पांनी माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. "तू बोल त्याच्याशी. गावातलं सांग काहीतरी."

मी बोलायला लागलो. चर्चमध्ये फादर काय म्हणाले ते सांगितलं, कुणाचं लग्न ठरलं ते सांगितलं. पुढे सांगण्यासारखं बरंच होतं, पण तिच्यासारखं मला सांगता येईना.