दाराआडचं जेवण

नवरा दुपारी काय जेवला हे कामाक्षीला दोरीवर वाळत घातलेल्या तुंडूवरून कळायचं. छातीच्या जागी लालसर डाग राहिले असले तर रसम आवडलं. मांडीच्या जागी असले तर सांबार. आणि तुंडू स्वच्छ पांढरा असला तर नुसता ताकभात खाऊन उठले, पोटभर जेवलेच नाहीत.

तुंडू म्हणजे खांद्यावर टाकायचा पातळ सुती टॉवेल. शेषगिरीराव तो स्वतः धुवायचे, न्हाणीघराचं दार लावून, थरथरत्या हातांनी जमेल तसा. कामाक्षीला हात लावू द्यायचे नाहीत. पण हळदीचा डाग असा लपत नाही. साबण लागला की पिवळ्याचा लाल होतो, आणि मग तीनचार दिवस कडक ऊन दाखवावं लागतं. हे त्यांना माहीत नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या कपड्यावर डागच पडला नव्हता, तर तो काढायची वेळ कुठून येणार.

शेषगिरीराव तमिळ मुलखात ओरत्तनाडच्या सरकारी कचेरीत होते. सकाळी आठ वाजून दहाची बस, संध्याकाळी साडेसहाला परत. मराठा राजांच्या जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीतून पांढरा शर्ट घालून, लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसून निघायचे ते तसेच परत यायचे. कुणाच्या लग्नात भर दुपारी केळीच्या पानावर जेवून तिथूनच कचेरीत गेले तरी शर्ट कोरा. पानावर रसम वाढलं की ते कसं धावतं हे ज्यानं खाल्लंय त्याला माहीत. शेषगिरीराव आधी भाताचं आळं करायचे, मांडीवर तुंडूची चौघडी टाकायचे आणि एक थेंब कडेपर्यंत येऊ द्यायचे नाहीत. कचेरीतले लोक म्हणत, सरांच्या शर्टाला डाग पडेल त्या दिवशी तालुक्याला सुट्टी.

त्या सगळ्या वर्षांत कामाक्षी त्यांच्याबरोबर कधी जेवली नव्हती. सकाळी बस असायची. रात्री सासूबाई असायच्या. त्यांच्यासमोर नवऱ्याच्या बरोबरीनं ताट घेऊन बसायची पद्धत नव्हती. शिवाय तिला स्वतःलाही मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला जायचं असे. उभ्याउभ्या दोन घास आणि डबा. सासूबाई गेल्या, मुलगी नंदिता लग्न होऊन कोइमतूरला गेली, तरी सवय तशीच राहिली.

मग ते निवृत्त झाले. पहिल्याच सोमवारी दुपारी तिनं त्यांचं ताट वाढलं आणि डाव घेऊन शेजारी उभी राहिली. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"आता कुणाची बस चुकणार आहे?" ते म्हणाले. "तुझंही वाढून घे."

तेव्हापासून तेरा वर्षं दोघं समोरासमोर जेवली. फार काही बोलत नसत. मीठ कमी आहे, नंदिताचा फोन आला होता, इतकंच. पण ते भाताचं आळं करायचे आणि ती बघायची. एकदा त्यांच्या लक्षात आलं तर म्हणाले, "काय बघतेस, परीक्षा घेतेस का?" ती म्हणाली, "होय. शंभरात शंभर."

हात थरथरायला लागले त्याला आता तीन वर्षं होत आली. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, औषधानं सावरेल पण जाणार नाही. पहिले काही दिवस त्यांनी डावा हात उजव्या मनगटावर दाबून पाहिलं. मग एका दुपारी सांबाराची वाटी तोंडाशी नेताना सगळी शर्टावर आली. कामाक्षी फडकं घेऊन धावली आणि पुसायला लागली. त्यांनी तिचा हात बाजूला केला. दुसऱ्या दिवशी आपलं ताट उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून ती स्वयंपाकघरात एकटी जेवते.

नंदितानं कोइमतूरहून एक वस्तू पाठवली. निळं, पाणी न झिरपणारं, गळ्यात बांधायचं, खाली खिसा असलेलं. शेषगिरीरावांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हा खिसा कशाला?"

"सांडलं तर त्यात पडतं," कामाक्षी म्हणाली.

"आणि मग? परत खायचं?"

आठवड्यानं तिला ते मिक्सरवर घातलेलं दिसलं. मिक्सरला अगदी मापाचं बसलं होतं.

मार्गशीर्षात श्रीनिवासराव बोलावणं घेऊन आले. शेषगिरीरावांचे हे सगळ्यात धाकटे भाऊ, त्यांची साठीशांत होती. मंगल कार्यालय ठरलं होतं, स्वयंपाकी ठरला होता.

"अण्णा, पहिल्या पंगतीला तुम्ही वर बसायचं. तुम्ही आपोष्णी घेतल्याशिवाय कोण हात लावणार पानाला?"

घराण्यातल्या सगळ्यात वडील माणसानं तळहातावर पाणी घेऊन प्यायचं, मग पंगतीनं जेवायला सुरुवात करायची, हा इथल्या मराठी मंडळींचा जुना रिवाज. अडीचशे वर्षं तमिळ मुलखात राहून बोलणं बदललं, पोरं इंग्रजीतून भांडायला लागली, पण हा रिवाज टिकला होता.

"सूर्यनारायणाला बसव," शेषगिरीराव म्हणाले. "माझ्या पाठचाच, दोनच वर्षांनी लहान आहे."

"असं कसं? शर्टाची काळजी वाटते तर उघड्या अंगानं बसा, उपरणं कमरेला गुंडाळून. पूर्वी सगळे तसेच बसायचे. प्रश्नच मिटला."

"शर्ट काढतो," शेषगिरीराव म्हणाले. "हात कुठं काढून ठेवू?"

श्रीनिवासराव उठले. कॉफी तशीच अर्धी ठेवून, वहिनी तुम्हीच समजवा असं डोळ्यांनी सांगून निघून गेले.

कामाक्षीनं समजावलं नाही. समजावून नवरा ऐकत नाही हे तिला लग्नानंतर सहा महिन्यांतच कळलं होतं. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच घोळू लागलं. एवढ्या माणसांत हे एकदा जेवले, तर घरात जेवायला काय हरकत राहील? दार उघडेल. तिनं मनात दोन ताटंही मांडून टाकली.

तिनं कपाटातून त्यांचं एक पांढरं उपरणं काढलं, दोन बोटं जरीकाठाचं. मग एक तुंडू घेतला, धुऊनधुऊन लुगड्यासारखा मऊ झालेला. पायाच्या मशीनवर बसली. उपरण्याच्या आतून तुंडू दुहेरी करून लावला आणि वरून अशा चुण्या घातल्या की उभं राहिलं की उपरणं खांद्यावरून नेहमीसारखं खाली पडावं आणि बसलं की चुण्या सुटून छाती-मांडी झाकली जावी. कॉलरच्या आत दिसणार नाहीत अशी दोन टिचबटणं. बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्यानं समारंभाला काठाचं उपरणं घेतलंय. पहिल्यांदा चुण्या फार जड झाल्या, उसवल्या. दुसऱ्यांदा काठ वाकडा गेला. शाळेतली पोरगी असती तर तिनं हातावर पट्टी मारली असती. तिसऱ्यांदा जमलं.

पण जमलंय हे कळणार कसं? शेषगिरीराव औषधं आणायला गेलेत असं बघून तिनं त्यांचा कचेरीचा जुना शर्ट पातळावरूनच अंगात घातला, उपरणं अडकवलं, आणि स्टुलावर बसून डावानं रसम घेऊन आपल्या छातीवर ओतलं. एक डाव. थांबली. मग आणखी एक.

"हे काय?"

शेषगिरीराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. औषधाची चिठ्ठी विसरले म्हणून परत आले होते.

छातीवरून रसम ओघळत, नवऱ्याचा शर्ट घालून बसलेली कामाक्षी काय सांगणार. "आत जातं का बघत होते," ती म्हणाली.

ते जवळ आले. थरथरत्या बोटांनी त्यांनी उपरण्याची कड उचलली. खाली शर्ट कोरडा होता. त्यांनी कापड उलटं करून पाहिलं, आतला तुंडू ओळखला, तिसऱ्यांदा घातलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"डाव्या अंगाचा काठ सूतभर खाली आलाय," ते म्हणाले.

"उद्या उसवते."

"उसव," असं म्हणून चिठ्ठी घेऊन गेले.

साठीशांतीच्या दिवशी कार्यालयात टेबलांच्या लांब ओळी होत्या, टेबलांवर कागद, कागदावर केळीची पानं. शेषगिरीराव सर्वांत वर बसले. चुण्या सुटल्या, जशा सुटायला हव्या होत्या तशा. शेजारी श्रीनिवासराव, पलीकडे सूर्यनारायण. बायकांचं पान दुसऱ्या पंगतीत. कामाक्षी खांबाशी उभी राहिली.

वाढणं झालं. त्यांनी तळहातावर पाणी घेतलं. हात कापू लागला, पाणी बोटांमधून पानावर, पानावरून उपरण्यावर. पंगत थांबलेली. तळहातात जे उरलं होतं, थेंबभरच असेल, ते त्यांनी प्यायलं. लगेच साऱ्या पंगतीचे हात पानांत गेले, पापड मोडल्याचे आवाज झाले, कुणीतरी मीठ मागितलं. रसम वाढणारा आला तेव्हा कामाक्षीनं खांब धरला. शेषगिरीरावांनी भाताचं आळं केलं. जुन्यासारखं नव्हतं, एका बाजूनं ढासळत होतं, पण आळं होतं. सांडलं, पुष्कळ सांडलं. सूर्यनारायण बाजूला वळून आपल्या नातवाच्या कॉलेजच्या प्रवेशाबद्दल सांगत राहिला. जेवून शेषगिरीराव उठले तेव्हा शर्ट कोरा होता.

रिक्षातून परतताना ते पूर्वीसारखे बोलत होते. पायसम पातळ होतं. सूर्यनारायणाचे पुढचे दात नवे आहेत, हसताना विसरतो. श्रीनिवासचा सून आणायचा विचार चाललाय, तेव्हाही जाऊ. कामाक्षी हूं हूं करत होती. तिच्या मांडीवर ओलं उपरणं पिशवीत होतं आणि ती उद्याचा स्वयंपाक ठरवत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं वांग्याची आंबट भाजी केली, मिरीचं रसम केलं. टेबलावर तीन वर्षांनी दोन ताटं मांडली. उपरणं रात्रीच धुऊन वाळवलेलं, ते त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलं.

शेषगिरीराव आले. दोन ताटांकडे पाहिलं. उपरणं खांद्यावर घेतलं, आपलं ताट उचललं आणि आतल्या खोलीकडे निघाले.

"अहो," कामाक्षी म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला. "काल दीडशे माणसांत जेवलात. मीच काय तेवढी परकी?"

ते थांबले. ताट हातात हलत होतं, वाटी ताटावर बारीक वाजत होती.

"तिथं सगळे आपापल्या पानात बघत होते," ते म्हणाले. "तू माझ्याकडे बघतेस."

दार लागलं.

कामाक्षी आपल्या ताटासमोर बसून राहिली. रसमावर साय धरल्यासारखी मिरी जमली. तिला शंभरात शंभर आठवले. तिला वाटायचं, तिचं ते बघणं त्यांना आवडतं. आवडतच होतं, आळं धड राहत होतं तोवर. आणि नंतर? नंतरही ती तशीच बघत राहिली होती, फडकं हातात तयार ठेवून.

चार दिवस तिनं काही केलं नाही. पाचव्या दिवशी त्यांचं ताट आत गेल्यावर तिनं आपलं वाढून घेतलं, पाट आणि रसमाची पातेली घेतली, आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन दार वीतभर ढकललं.

"मी इकडे तोंड करून बसते," ती म्हणाली. "अंगणाकडे."

ते दार लाव म्हणाले नाहीत. ती उंबऱ्याकडे पाठ करून बसली. समोर दोरी, दोरीवर कालचा तुंडू. मागे त्यांच्या ताटाचा आवाज येत होता. वाटी वाजली. काहीतरी पडलं, बहुधा फोड. ओघळ टपटपला. तिची मान वळायला लागली, तिनं ती ताटाकडे खाली घातली. तीन वर्षं तिनं हा आवाज दाराआडून ऐकला होता. आता तो पाठीला लागून होता. तेवढंच.

"रसम आहे का अजून?"

पातेली तिच्या पुढ्यात होती. उजवा हात खरकटा, म्हणून डाव्या हातानं उचलली आणि मागे न बघता, खांद्यावरून, अंदाजानं मागे नेली. ती घ्यायला हात लगेच आला नाही. आला तो कापत आला, पातेलीला लागला, पातेली कलली. कोमट रसम तिच्या खांद्यावरून पदरावर आणि पदरावरून मांडीवर आलं. चांगलं पाऊण डाव.

ती हलली नाही. अंगणाकडे बघत राहिली.

मागे ताट सरकलं. मग त्यांचा आवाज आला, इतक्या जवळून की ते वाकले असावेत.

"तुलाही एक शिवून घे."

"घेते," कामाक्षी म्हणाली.

"काठ सरळ लाव."