जबाबदारी घेणारा शेजारी

डोणगावात आमच्या शेजारी माझ्याच कॉलेजचा एक मुलगा राहतो. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतीत 'तुम्ही स्वतःहून जबाबदारी कधी घेतली?' आणि 'प्रश्नच स्पष्ट नसेल तर काय करता?' असं विचारतात. त्याची तो तयारी करतो आणि ती गल्लीला सोसावी लागते. परवा आईने त्याला विचारलं, "मेहकरची गाडी गेली काय रे?"

"काकू, पयले प्रश्न समजून घेऊ द्या. कोणती गाडी? कोणाले जाचं हाय?"

तेवढ्यात गाडी निघाली.

"गेली," त्याने समाधानाने सांगितलं.

नेटवर्क गच्चीवरच मिळतं. काल तो तिथे मुलाखत देत होता आणि मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. जबाबदारीचा प्रश्न आला तेव्हा त्याने कॉलेजच्या कार्यक्रमाची वेबसाइट बंद पडल्याचा प्रसंग सांगितला. बिघाड कुठे आहे हे कुणालाच कळत नव्हतं, सगळे घरी गेले, पण मी एकटा बसून राहिलो, असं तो छान इंग्रजीत सांगत होता.

एकटी बसून राहिले होते ती मी. तो सगळ्यांच्या आधी घरी गेला होता. आज त्याच कंपनीत माझी मुलाखत आहे, आणि सांगण्यासारखा माझ्याकडे तेवढाच प्रसंग होता.

मुलाखत संपल्यावर तो कठड्यापाशी आला.

"आयकलं ना? मंग उद्या तू तो किस्सा नको सांगू. तुले कॉपी केली म्हणतीन."

मी बादलीतला पुढचा कपडा पिळायला घेतला. त्याला माझी काळजी वाटली असावी.

"दुसरा नसन तर सांग," तो म्हणाला, "मी देतो एखादा."