बाबांचा अडकलेला घास

गेल्या हिवाळ्यात माझा मोठा भाऊ बायकोला घेऊन आयर्लंडहून नाशिक रोडला आमच्याकडे आला. वहिनी तिकडचीच. तिला मराठी येत नव्हतं आणि बाबांचं इंग्रजी रेल्वेतल्या नोकरीपुरतं. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे आणि मग दोघंही माझ्याकडे बघायचे.

एका सकाळी भाऊ बँकेत गेला होता. आम्ही तिघं पोहे खात होतो. बाबांना खाता खाता कशाचं तरी हसू आलं आणि एकदम ते गप्प झाले. खोकला नाही, आवाज नाही. हात गळ्याकडे गेलेला आणि डोळे विस्फारलेले. मी पाण्याचा तांब्या उचलला, तेवढ्यात वहिनी ताडकन उठली.

"नो वॉटर. ही इज चोकिंग."

मला क्षणभर अर्थच लागेना. आमच्याकडे चोक होतो तो मोरीचा पाइप. तोवर ती बाबांच्या मागे गेली होती. त्यांना पुढे वाकवून तिने पाठीत जोरात थापा मारल्या. काही होईना, तेव्हा दोन्ही हातांनी पोटाला विळखा घालून आत-वर हिसके दिले. शेंगदाणा टेबलावर पडला आणि बाबा खोकायला लागले. तो खोकला ऐकून मी तिथेच खाली बसले.

डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "ती सकाळी काय म्हणाली गं?"

"चोकिंग. म्हणजे घास अडकून श्वास कोंडणं."

"चोक तर स्कूटरला असतो."

मी हे वहिनीला सांगितलं. ती हसली आणि समजावत बसली: धुराने माणूस चोक होतो, तणाने बाग चोक होते, रडू आलं की आवाज चोक होतो, जिंकत आलेला संघ ऐनवेळी कच खातो तेही चोकच.

बाबा विचारात पडले. "आपण धुराने गुदमरतो, चहाने ठसका लागतो, रडताना गळा दाटतो. यांचं एकाच शब्दात भागतं?"

मग त्यांनी तिला 'ठसका' म्हणायला शिकवलं. तिचा 'ठ' काही केल्या जमेना. बाबांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा म्हणून दाखवला. शेवटी ते मराठीतच म्हणाले, "पोरी, तू होतीस म्हणून वाचलो."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण तिने त्यांचा हात धरला होता. मी चहा टाकायला उठले.

आता रविवारी व्हिडिओ कॉल आला की बाबा भावाला म्हणतात, "तू जरा बाजूला हो, तिला दे."